कामाचा कान

आमच्या तांबटांच्या गल्लीत माणसाला दोन कान असतात, एक घरचा आणि एक कामाचा. डावा घरचा. त्यात तेलात बुडवलेला कापसाचा बोळा कोंबायचा आणि ठोकायला बसायचं. उजवा कामाचा, तो उघडा ठेवायचा. तांबं कुठे पातळ झालंय, सांध्याची झाळ कुठे नीट धरली नाही, हे डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतं. घागर तयार झाली की कामाच्या कानाजवळ धरायची आणि बोटाच्या पेराने वाजवायची. खणखणीत वाजली तर दुकानात जाते, बद्द वाजली तर परत भट्टीवर. वडिलांनी मला हातोडी हातात द्यायच्या आधी हे शिकवलं. त्यांच्याशी बोलायचं तर आम्हाला समोर उभं राहून ओरडावं लागायचं, पण त्यांना बहिरं म्हणायची कुणाची छाती नव्हती. कामात मुरलेला माणूस, असं म्हणायचे.

मीही चाळीस वर्षं मुरलोय. आणि माझ्या कानाबद्दल कुणी काही बोललेलं मला खपत नाही. बायको म्हणते की आपला टीव्ही गोदावरीपलीकडे पंचवटीत ऐकू जातो. जाऊ दे की! फुकट बातम्या मिळतात त्यांना. कुकरच्या शिट्ट्या मी मोजत नाही, हाही तिचा आरोप आहे. शिट्ट्या मोजणं हे माझं काम कधीपासून झालं, एवढंच मी विचारतो.

आता माझ्या मुलीला कॉलेजात गेल्यावर नेमबाजीचं खूळ लागलं. आमच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या ठोकण्याचं काम, हिने ठोकायचं सोडून नेम धरायचं काढलं. सुरुवातीला छऱ्याची बंदूक होती, तिचा आवाज म्हणजे फट्, कुणी टिचकी मारल्याएवढा. पुढे तिला खऱ्या गोळीची, बावीस बोअरची रायफल मिळाली आणि त्या दिवशी घरात पेढे आले. मी म्हणालो, बघू तरी पोरगी काय दिवे लावते, आणि एका रविवारी सकाळी तिच्यामागे रेंजवर गेलो.

रेंज म्हणजे गावाबाहेर पत्र्याची लांबलचक शेड. शिकवणारे सर फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, निफाडकडचे, मिशा कडक आणि बोलणं त्याहून कडक. आत शिरतानाच त्यांनी माझ्या हातावर नारंगी फोमची दोन बोंडं ठेवली आणि कानात घाला म्हणाले. मी एक बोंड डाव्या कानात खोचलं, दुसरं खिशात टाकलं आणि आपलं खुर्चीवर बसलो. सर माझ्याकडे बघत राहिले.

"भाऊ, दुसरा कान घरी ठिवून आले काय?"

मी त्यांना कामाच्या कानाचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. घराण्याचा इतिहासही थोडक्यात सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की फौजेत त्यांच्याबरोबरचे तोफखान्यातले दोघे असेच शास्त्र जाणणारे होते, आता दोघांच्याही बायका त्यांच्याशी खाणाखुणांनी बोलतात. मग त्यांनी माझ्या डाव्या कानातलं बोंडही उपसून काढलं, कारण तेही चुकीचं घातलं होतं म्हणे. बोंड बोटांत वळून वातीसारखं बारीक करायचं. दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाची पाळ वर आणि मागे ओढायची, बोंड आत सरकवायचं आणि फुगेपर्यंत बोटाने दाबून धरायचं. नंतर दोन्ही तळहात कानांवर घट्ट ठेवून पाहायचे. तळहात ठेवल्यावर आवाज आणखी कमी झाला तर बोंड नीट बसलेलं नाही, पुन्हा घाला. माझ्याकडून त्यांनी हे चार वेळा करून घेतलं. सगळी पोरं बघत होती, आणि माझी मुलगी मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

तिच्या कानांवर मोठे मफ होते, हेडफोनसारखे, आणि पाठीवर केस मोकळे सोडलेले. छान दिसत होती. पाच गोळ्या मारून तिने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचे तीन आठवडे मी गल्लीत भेटेल त्याला तिचे कागदी टार्गेट खिशातून काढून दाखवत होतो.

मग एका संध्याकाळी ती रेंजवरून आली आणि ओट्यावर बसून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मी समोर कळशी घासत बसलो होतो. बोलता बोलता तिने फोन उजव्या कानावरून काढून डाव्या कानाला लावला. कपाळाला आठी घालून, पटकन. माझा हात थांबला. कारण तसं मीच करतो. गिऱ्हाईकाचा फोन आला की उजव्या कानाला लावतो, दोन शब्द निसटतात, मग आठी घालून डाव्या कानाला नेतो. बायकोला मी सांगत आलोय की फोनमध्येच बिघाड आहे. तीन फोन बदलले त्या नादात.

मी मुलीला विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही, उजव्या कानात थोडा वेळ सूं वाजतं रेंजवरून आल्यावर, झोपून उठलं की जातं. मी म्हणालो, अगं, पण तू तर मफ घालतेस.  ती म्हणाली की रायफलीच्या दस्त्यावर गाल टेकवला की उजवीकडचा मफ दस्त्याला अडतो, म्हणून ती तो कानावरून मागे सारून ठेवते. केस मोकळे असतात, सरांना दिसत नाही.

"आणि तुम्हीच म्हणता ना पप्पा, कामाचा कान उघडा ठेवायचा."

कुणी तोंडात मारली असती तरी बरं वाटलं असतं. मी तिला हे कधी बसून शिकवलं नव्हतं. पण लहानपणापासून ती माझ्यासमोर खेळली, मी बोळा कुठे घालतो आणि कुठे घालत नाही हे बघत मोठी झाली. आमच्या घराण्याचं जे एकमेव शहाणपण तिने उचललं, ते हे.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी तिला घेऊन सातपूरला गेलो. कारखान्यांना हेल्मेट आणि हातमोजे पुरवणारं एक दुकान आहे तिथे. मालकाने आम्हाला पाहून पहिला प्रश्न विचारला की ढोल पथकासाठी हवंय का. नाशिक शहर आहे हे, इथे बापलेक मिळून कान झाकायला आले तर दुसरं कारण कुणाच्या डोक्यात येणार? नेमबाजी म्हटल्यावर त्याने काउंटरवर सगळा संसार मांडला. फोमची बोंडं, दोरीला लावलेली रबरी तीन टोप्यांची बोंडं, जाड मफ, पातळ मफ. पाकिटावर आवाज किती कमी होतो त्याचा आकडा असतो. मी सगळ्यात मोठा आकडा उचलला. मुलीने तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, सर सांगतात, तो आकडा तेवढाच्या तेवढा कानाला मिळत नाही, कानात नीट बसलं तरच त्यातलं काही मिळतं. जाड मफ दस्त्याला अडतोच, चष्म्याच्या काडीने फट राहते, केसांनीही राहते. कापसाने तर काहीच होत नाही, हे दुकानदारानेही सांगितलं, आणि मी पिढ्यांच्या वतीने ऐकून घेतलं. शेवटी तिच्यासाठी फोमची बोंडं आणि त्यावर पातळ वाट्यांचे मफ, दोन्ही एकदम घालायचं ठरलं. केस वर बांधायचे, ही माझी अट. बायकोने घरी आल्यावर जुने मफ स्वतःकडे ठेवून घेतले. मी टीव्ही लावला की ती ते लावते आणि निवांत मेथी निवडते.

पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिच्या कानाचं काय झालंय, हे कळल्याशिवाय घास गिळवत नव्हता. आम्ही तिघेही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात आणि बारीक आवाज आला की बटण दाबायचं. मुलगी आत गेली. मी बाहेर बाकावर बसून मनातल्या मनात कालिकामातेला साकडं घातलं. मग बायकोने डॉक्टरांना सांगितलं की लगेहाथ यांचेही कान बघा. मी म्हणालो, मला काय धाड भरलीये? पण तोवर मला खुर्चीत बसवलंसुद्धा होतं.

आता सांगायला हरकत नाही, मी कॉपी केली. काचेपलीकडे तपासणारी मुलगी आवाज सोडताना मशीनवर बोट दाबायची, ते मला दिसत होतं. तिचं बोट हललं की मी बटण दाबत होतो. अगदी पैकीच्या पैकी चाललं होतं. थोड्या वेळाने तिने नुसतंच बोट हलवलं, आवाज सोडलाच नाही, आणि मी ठासून बटण दाबलं. ती हसली, आत आली आणि माझी खुर्ची भिंतीकडे फिरवून गेली. त्यानंतर मी बराच वेळ भिंत बघत बसलो.

मुलीचा कान वाचला होता. डॉक्टर म्हणाले की सूं वाजणं ही कानाची तक्रार असते, तिने वेळेत ऐकली, आता पुन्हा उघड्या कानाने गोळी झाडायची नाही. मी सुटलोच. मग त्यांनी माझा कागद काढला. माझे दोन्ही कान उतरलेले होते, पण जास्त उतरलेला होता उजवा. ज्याला मी चाळीस वर्षं जपून उघडा ठेवला, तो. बारीक, वरच्या पट्टीतला आवाज त्यात जवळजवळ पोचतच नाही, आणि गेलेलं परत येणार नाही.

रिक्षात मी म्हणालो की डॉक्टरांना काय कळतंय, अजून माझी एकही घागर बद्द म्हणून परत आलेली नाही.  बायकोने माझ्या डाव्या बाजूला सरकून सांगितलं.

"दोन वर्षांपूर्वी दोन परत आल्या होत्या. तेव्हापासून तुम्ही वाजवल्यावर मी वाजवते."

म्हणजे बुडाची झाळ सुबक दिसत नाही, गिऱ्हाईकाला सांधा जरा जाड हवाय, असं सांगून ती अधूनमधून घागरी परत आणून ठेवायची, त्या सगळ्या बद्द होत्या. मी मात्र गिऱ्हाइकांच्या नखऱ्यांना शिव्या घालत पुन्हा झाळत होतो. मला राग आला, लाज वाटली, आणि घर येईपर्यंत मी तिचा हात धरून बसलो. तीस वर्षांत रिक्षात असा कधी बसलो नव्हतो.

आता मी दोन्ही कानांत बोंडं घालून ठोकायला बसतो. गल्लीत हसतात. एकाने विचारलं, काय शेठ, संन्यास घेतला का. हसू देत. रेंजवर मुलगी केस वर बांधते आणि झोपून नेम धरण्याआधी मान वळवून मला दोन्ही कान दाखवते. मग मी तिला माझे दाखवतो. सर म्हणतात, बापलेकीचं हे नाटक आटोपलं की फायरिंग सुरू करू.

परवा रविवारी घागर तयार झाली आणि सवयीने माझा हात उजव्या कानातलं बोंड काढायला गेला. मुलगी समोर चहा पीत होती. तिने नुसतं बघितलं. मी हात खाली घेतला आणि घागर तिच्याकडे दिली. तिने ती उजव्या कानाजवळ धरली, पेराने वाजवली, फिरवून पुन्हा वाजवली. मी तिचं तोंड बघत होतो. कपाळाला आठी पडली. ती काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं.

बद्द आहे, म्हणाली. बुडाशी, झाळीजवळ.

स्वतःचं काम फसलं म्हणून एवढा आनंद मला आजवर झाला नव्हता. मी तिच्याकडून घागर परत घेतली आणि भट्टी पेटवली.