ऐलीची दुर्बीण

रॉय नुमेला ऑगस्टमध्ये गेला. लाकडाच्या गिरणीत, जेवणाच्या सुट्टीत, बाकावर बसल्या बसल्या. बरोबर दहाव्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ आर्विड स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वहिनीच्या दारात उभा राहिला.

"रॉयने मला शब्द दिला होता," तो म्हणाला. "रायफल राहू दे तुझ्याकडे, आठवण म्हणून. वरची दुर्बीण तेवढी नेतो. जर्मन काच आहे ती, ऐली. तुला काय करायचीय?"

ऐलीने त्याला कॉफी करून दिली. स्वयंपाकघरातल्या टेबलावरच त्याने रायफल आडवी टाकली, एकेक स्क्रू सोडवला, आणि दुर्बिणीला ओरखडा नको म्हणून रॉयचाच एक लोकरी मोजा मागून घेऊन त्यात ती गुंडाळली. वर दुसरा कपही प्यायला. तो गेल्यावर ऐलीने टेबल पुसलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण हूं की चूं केलं नाही. रॉय शब्द देणाऱ्यातला माणूस नव्हता. बायकोच्या वाढदिवसाला जेवायला नेईन, एवढाही शब्द त्याने कधी दिला नव्हता. पण गेलेल्या माणसाला विचारायचं कसं?

ऐली तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, हाताने भराभर, तोंडाने कमी. उत्तर मिशिगनच्या त्या भागात नोव्हेंबरची पंधरा तारीख उजाडली की पुरुष नारिंगी जाकिटं चढवून हरणाच्या शिकारीला जंगलात जातात आणि बायका घरी सुऱ्यांना धार लावतात. रॉय आणि आर्विडचा मिळून जंगलात एक लाकडी कॅम्प होता. ऐलीने तो बावीस वर्षं पाहिला तो फक्त ऑक्टोबरात, झाडून-पुसून काढण्यापुरता. शिकारीच्या दिवसांत तिथे बाई नको, असा नियम. कुणी केला होता कोण जाणे, पण मोडला कुणीच नव्हता.

हरणं मात्र तिच्याकडे यायची. नुमेला घराण्यातल्या सगळ्यांची हरणं तीच फोडायची, कागदात बांधायची, वर तारीख घालायची. हरणाच्या मांसावरून तिला गोळीचा सगळा इतिहास कळे. रॉयचं हरीण खांद्यामागे एका भोकाचं, स्वच्छ. आर्विडचं म्हणजे मांडीचा चुराडा नाहीतर पोट फुटलेलं, अर्धं मांस काळंनिळं, कापून टाकून द्यायचं. बावीस वर्षांत हे ती कुणालाही बोलली नव्हती.

त्या पहिल्या हिवाळ्यात आर्विडने चार हरणं तिच्या शेडमध्ये आणून टांगली. "तुझा वाटा आहेच हां यात," असं म्हणाला. ऐलीने तीन संध्याकाळी राबून चारही फोडली. चौथ्या दिवशी जाऊबाई, आर्विडची बायको मार्लिन, गाडी घेऊन आली, सगळी पुडकी भरली आणि जाताना एक मान आणि बरगड्यांची पिशवी ओट्यावर ठेवून म्हणाली, "सुपाला छान होतील गं. एकट्या माणसाला लागतं किती!"

ऐलीने बरगड्यांचं सूप केलं, प्यायली, भांडं घासलं. आणि भांडं घासता घासताच तिने ठरवलं, पुढच्या वर्षी आपलं हरीण आपण मारायचं.

उन्हाळ्यात तिने शिकारीच्या दाखल्याचा वर्ग केला. मग प्रश्न आला दुर्बिणीचा. जर्मन काचेची दुर्बीण तिच्या दोन महिन्यांच्या पगारातही आली नसती. एका शनिवारी ती गावातल्या दुकानात बंदुकांच्या फळीसमोर जाऊन उभी राहिली. डस्टिन नावाचा विक्रेता तिच्याच शाळेत तिच्याच हातचं जेवून मोठा झाला होता. त्याने तिच्यापुढे एक हातभर लांब नळकांडं ठेवलं.

"ही घ्या, मिसेस नुमेला. चोवीस पट मोठं दिसतं. आत लाल दिवा पेटतो. सहाशे यार्डांवरच्या हरणाच्या पापण्या मोजाल."

"आमच्या दलदलीत साठ पावलांपलीकडचं काही दिसतच नाही," ऐली म्हणाली. "देवदार केवढे दाट आहेत."

फळीला टेकून उभे असलेले दोघं-तिघं हसले. "मग दुर्बीण कशाला, बाई? झाडू घेऊन जा की!"

ती कानापर्यंत लाल होऊन बाहेर पडली. ही गोष्ट त्याच दिवशी आर्विडपर्यंत पोचली, आणि रविवारी तो स्वतःच आला. या वेळी हातात खोका.

"अगं, मला नाही का विचारायचं? माझी जुनी आहे ना घरात. तीन ते नऊ पट, हवी तशी फिरव. मी दोनशेला घेतलेली, तू साठ दे. घरातल्या घरात काय!"

ऐलीला बरं वाटलं. तिला वाटलं, मागची चूक याच्या मनाला लागली असणार. तिने साठ डॉलर दिले आणि वर ब्लूबेरीचा केकही बांधून दिला.

सप्टेंबरचे सगळे रविवार तिने खडीच्या जुन्या खाणीत काढले. पुठ्ठ्याच्या खोक्यावर कागदी ताटली चिकटवायची, पन्नास पावलं मागे यायचं, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवायची आणि श्वास रोखून झाडायची. पहिली गोळी ताटलीच्या डावीकडे. तिने दुर्बिणीचा स्क्रू फिरवून नेम उजवीकडे सरकवला. दुसरी गोळी वर. तिसरी खोक्यालाच लागली नाही. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारी तेच. डोळा फार जवळ नेला म्हणून धक्क्याने दुर्बिणीची कड भुवईवर बसली आणि रक्त आलं. सोमवारी शाळेत कपाळावर पट्टी बघून सगळ्यांनी विचारलं. खांदा तर जांभळा पडला होता.

चर्चनंतरच्या कॉफीला आर्विडने सगळ्यांसमोर विचारलं, "काय, ताटली अजून जिवंत आहे का?"

"माझाच हात हलतो," ऐली म्हणाली.

"हात नाही गं, श्वास. बायकांना दम धरता येत नाही. तुझा दोष नाही, जातच तशी." आणि त्याने तिच्या दुखऱ्या खांद्यावर थोपटलं.

तिला ते पटलं. पुढे कितीतरी वर्षं तिला सगळ्यात जास्त राग यायचा तो याचाच. आर्विडचा नाही, आपल्याला ते पटलं याचा. आरशासमोर उभी राहून ती दम धरायचा सराव करायची, घड्याळ लावून.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी खाणीत ओनी कोस्की आला. सत्तरी उलटलेला, बंदुका दुरुस्त करणारा, एका कानाने पार बहिरा. आपलं काम आटपून तो तिच्या मागे बराच वेळ उभा राहिला.

"दम चांगला धरतेस की, पोरी," तो ओरडूनच बोलला. "मग गोळ्या अशा गावभर का फिरतायत? आण इकडे."

त्याने स्वतः वाळूच्या पिशवीवर रायफल दाबून बसवली आणि तीन गोळ्या झाडल्या. एक ताटलीत, एक वीतभर खाली, एक खोक्याबाहेर. ओनीने दुर्बीण सोडवली, चांगल्या कानाशी धरून हलवली, मग ऐलीच्या कानाशी नेली. आत बारीक टकटक झाली.

"आतली काच सुटलीय. गोळीगणिक जागा बदलते. हिच्यावर देवाचाही नेम बसणार नाही." मग त्याने नळी उलटीपालटी केली, एका पोच्यावर अंगठा फिरवला, आणि त्याचा चेहरा बदलला. "ही आर्विडची ना? मचाणावरून पडली होती. दोन वर्षांमागे माझ्याकडे आणलेली. मी तेव्हाच सांगितलं त्याला, तळ्यात फेकून दे म्हणून."

ऐली खडीवर खाली बसली. तिचा हात आपल्या जांभळ्या खांद्यावर गेला.  थर्मासमधली कॉफी ओनीने तिच्यापुढे धरली.

"मला दुसरी घ्यायचीय," शेवटी ती म्हणाली. "स्वस्तातली. पण खरी. काय बघायचं ते सांगा."

ओनीने सांगितलं, आणि ऐलीने पाककृती ऐकावी तसं मन लावून ऐकलं. मोठं दिसण्याचा नाद सोड, दलदलीत चार पट म्हणजे पुष्कळ. फिरवायचं काही नसलेली घे, जितकं कमी हलतं तितकं कमी मोडतं. डोळा चार बोटं लांब ठेवून पूर्ण गोल दिसला पाहिजे, म्हणजे भुवई वाचेल. दुकानाच्या दिव्याखाली मुळीच बघू नकोस, तिथे सगळ्याच काचा राजकन्या असतात. दिवस कलताना बाहेर ये आणि झाडाखालच्या सावलीत बघ. आणि दुर्बीण धरणाऱ्या कड्यांत पैसे वाचवू नकोस.

मंगळवारी कामावरून सुटल्यावर ती पुन्हा दुकानात गेली. डस्टिनने पुन्हा तेच लांब नळकांडं पुढे केलं. तिने ते बाजूला सरकवलं आणि चार पटीच्या किती आहेत ते विचारलं. तीन निघाल्या. तिन्ही घेऊन ती दाराबाहेर गेली, डस्टिन मागोमाग. रस्त्यापलीकडे बँकेच्या आवारात स्प्रूसच्या झाडांची रांग होती, त्यांच्या बुंध्याशी अंधारून आलं होतं. पहिलीतून काळं दिसलं. दुसरीतून करडं. तिसरीतून तिला बुंध्याशी पडलेली स्प्रूसची शंकूसारखी फळं दिसली, एकेक वेगळी.

तिसरीला खोका नव्हता, नळीवर एक ओरखडा होता, गेल्या वर्षीची उरलेली होती. म्हणून एकशे दहाला मिळाली.

"ही आजोबा लोकांची आहे, मिसेस नुमेला," डस्टिन म्हणाला. "कुणी घेत नाही हल्ली."

"मग तुझं ओझं कमी झालं," ऐली म्हणाली.

ओनीने ती बसवून दिली. पुढच्या रविवारी खाणीत चौथ्या गोळीला ताटलीच्या मधोमध भोक पडलं. पाचवी त्याच्या शेजारी. सहावीने दोन्ही भोकं एक केली. ऐलीला आनंद झाला नाही. तिला सप्टेंबरचे सगळे रविवार आठवले.

तिथूनच ती गाडी घेऊन आर्विडकडे गेली. तो अंगणात लाकडं फोडत होता. तिने फुटकी दुर्बीण ओंडक्यावर ठेवली.

"तुला माहीत होतं."

आर्विडने कुऱ्हाड खाली ठेवली, कपाळ पुसलं.

"मला वाटलं, दोन रविवार झाडशील आणि कंटाळशील. तुझ्या भल्यासाठीच, ऐली. उद्या जंगलात कुणाला गोळी लागली तर? आणि हे रॉयलाही आवडलं नसतं."

"रॉयचं नाव घेऊ नकोस."

"का नको? तुला वाटतं, मीच तेवढा वाईट?" आता त्याचाही आवाज चढला. "तू एकदा त्याला म्हणालीस, मलाही ने म्हणून. आठवतंय? त्याने कॅम्पमध्ये येऊन सांगितलं आम्हाला. हसून हसून पोट दुखलं सगळ्यांचं. तो म्हणाला, ऐली इकडे आली तर भांडी कोण घासेल? पुढच्या वर्षी नेतो म्हणून गप्प केलं तिला, म्हणाला."

ऐलीला आठवत होतं. लग्नानंतरचं चौथं वर्ष. तिने नारिंगी टोपीसुद्धा विणायला घेतली होती. 'पुढच्या वर्षी,' रॉय म्हणाला होता, अगदी प्रेमाने, तिच्या केसांवरून हात फिरवत. ती पुढच्या वर्षी वाट बघत राहिली, त्याच्या पुढच्या वर्षीही थोडी. मग विसरली. आर्विड खोटारडा होता, पण हे खोटं नव्हतं. रॉयचं हसणं तिला ऐकू येत होतं, जसंच्या तसं.

तिने साठ डॉलर मागितले नाहीत. त्यानेही देऊ केले नाहीत.

नोव्हेंबरात ती सरकारी जंगलातल्या दलदलीत बसली, एकटी, उलट्या बादलीवर. पहिले दोन दिवस नुसता बर्फ. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला देवदारांतून एक तरुण नर बाहेर आला, थांबला, वारा हुंगू लागला. दुर्बिणीतल्या फुलीखाली त्याच्या खांद्यामागचे केस दिसत होते. कुठे गोळी लागली की मांस वाया जात नाही हे बावीस वर्षं सुरी चालवलेल्या बाईला कुणी शिकवायला नको होतं. तिने दम धरला आणि चाप ओढला. नर चाळीस पावलं गेला आणि पडला. ओढत रस्त्यावर आणायला तिला तीन तास लागले. वाटेत नारिंगी जाकिटातले दोघं भेटले. त्यांनी विचारलं, "नवरा कुठाय?"

डिसेंबरात चर्चच्या जेवणात मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी वाढता वाढता पाद्रीसाहेबांनी सगळ्यांसमोर आर्विडचं कौतुक केलं. भावामागे वहिनीला हाताशी धरून नेम शिकवला, स्वतःची दुर्बीण दिली, असा दीर मिळायला भाग्य लागतं म्हणाले. मार्लिनने डोळे टिपले. आर्विडने मान खाली घालून ते सगळं घेतलं. ऐली ताट तसंच ठेवून उठली आणि कोट घालून घरी आली. गावात म्हणू लागले, रॉय गेल्यापासून ऐली फार कडवट झाली. तिने कुणाची समजूत काढली नाही. काढायची तर रॉयपासून सुरुवात करावी लागली असती, आणि तो अजून तिच्या घरात भिंतीवर फोटोत हसत होता. तो फोटो काढावा की ठेवावा, हे तिचं पुढे कितीतरी वर्षं ठरलं नाही.

शिकारीला मात्र ती दर साली गेली, एकटीच. नवव्या वर्षी शाळेच्या स्वयंपाकघरात नव्याने लागलेल्या रेनी नावाच्या मुलीने बटाटे सोलता सोलता तिला विचारलं, "ऐली मावशी, मलाही शिकायचंय. दुर्बीण कुठली घेऊ? फार पैसे नाहीत हो माझ्याकडे."

ऐलीने तिला सगळं सांगितलं. चार पट, चार बोटं, दिवस कलताना बाहेर, कड्यांत काटकसर नको. रेनीने बोटांवर मोजून पाठ केलं.

"माझ्या काकांकडे एक जुनी पडून आहे खरं तर," रेनी म्हणाली. "स्वस्तात देतो म्हणतात. घरातलीच."

ऐलीने सुरी खाली ठेवली.

"दुकानातून घे," ती म्हणाली.