सुदर्शन इंगोले गप्प बसला

कोणत्या केळ्यांना कोणत्या दिवशी रंग चढणार, हे सुदर्शन इंगोले नुसत्या नजरेनं सांगायचा. नांदेडच्या बाहेर, अर्धापूर रस्त्याला त्याच्या केळी पिकवायच्या खोल्या होत्या. क्रेट भरभरून हिरव्या फण्या आत जायच्या, दार बंद व्हायचं, आणि सुदर्शन सांगायचा, हा माल गुरुवारी उघडा, तो शनिवारी. व्यापारी त्याच्या शब्दावर डोळे झाकून गाड्या लावायचे. हाच सुदर्शन संध्याकाळी रामकिशनच्या हॉटेलात बसून म्हणायचा, की इंग्लंडातल्या अमक्या संघाचा कोच काही दिवाळी बघत नाही, आणि तो कोच खरंच दिवाळीआधी घरी बसायचा. केळी सांगितल्या दिवशी पिवळी झाली तर सुदर्शन जाणकार, आणि कोच सांगितल्या मुदतीत गेला तर सुदर्शन काळजिभ्या. लोकांचा न्याय हा असा. त्या न्यायानं इंगोल्यांच्या घराचं काय केलं, ते सांगायचं आहे.

तसं नांदेडात क्रिकेट सोडून दुसरं काही बघणाऱ्या माणसाकडं लोक जरा काळजीनंच बघतात. पण रामकिशनच्या हॉटेलात एक टीव्ही होता आणि शनिवार-रविवारी त्याच्यावर फुटबॉलच चालायचा. रामकिशन, शेजारच्या औषधदुकानातला सत्यम आणि आणखी दोघं-तिघं मिळून मोबाइलवर फँटसी लीग खेळत. प्रत्येकानं खरे खेळाडू निवडून आपला संघ लावायचा, ते मैदानावर जसे खेळतील तसे आपल्याला गुण, आणि कॅप्टन केलेल्याचे दुप्पट. वर्षअखेरीस जो तळाला राहील त्यानं पुढचं वर्षभर नालीकडच्या बाकावर बसून चहा प्यायचा. सुदर्शनचा मुक्काम बहुतेक त्याच बाकावर असे. कारण तो हट्टानं हरणाऱ्या संघांतले खेळाडू घ्यायचा आणि कितीही गुण बुडाले तरी काढायचा नाही.

"तुमी दर हप्त्याला कॅप्टन बदलून राहिले," तो बाकीच्यांवर डाफरायचा. "बायकोच्या हातून एक दिवस भाजी खारट झाली म्हणून सोयरीक मोडता काय?"

कोच लोकांबद्दल त्याची मतं ठाम होती. कोच आरडाओरडा करतोय तोवर त्याची नोकरी पक्की समजायची. ज्या दिवशी तो खिशात हात घालून शांत उभा राहिला, त्या दिवशी तो गेला. सामना हरल्यावर जो पंचाला शिव्या देतो तो अजून लढतोय, आणि जो पंचाचं कौतुक करतो त्यानं घरचं सामान बांधायला घेतलंय. हरणाऱ्या संघाबद्दल तर तो तासभर बोलला असता.

"टीम पायानं न्हाई हरत, मानेनं हरती," तो सांगायचा. "गोल खाल्ल्यावर पोरं एकमेकांकडं बघतात का, ते बघा. खाली बघितलं की संपलं."

हे सगळं ऐकत मोठी झाली ती त्याची मुलगी शिवांगी. बापाच्या मांडीवर बसून तिनं फुटबॉल बघितला आणि पुढं कॉलेजच्या संघात मधल्या फळीत खेळायला लागली. सुदर्शन तिच्या सरावाला जाऊन रेषेबाहेरून असा काही ओरडायचा, की श्रद्धा मॅडम, म्हणजे तिच्या कोच, एकदा हसून म्हणाल्या, "इंगोले, मी सुट्टी घेऊ का?" शिवांगीला त्याची लाज वाटायची नाही. उलट चेंडू पायाशी असला तरी तिचा एक कान बापाकडं असायचा.

सुरुवातीला काळजिभ्या हा शब्द थट्टेचाच होता. एका शनिवारी टीव्हीकडं बोट दाखवून सुदर्शन म्हणाला, "ह्या पोराला कॅप्टन करू नका. उजव्या पायावर उतरायला भिऊन राहिला तो." रामकिशननं त्यालाच कॅप्टन केलं होतं. पोरगा पुढच्याच सामन्यात स्ट्रेचरवरून बाहेर गेला. रामकिशननं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "भौ, तुमी बोलला म्हणूनच झालं हे." सगळे हसले. सुदर्शनही हसला. मग असंच पुन्हा घडलं, पुन्हा घडलं, आणि हसणं हळूहळू उशिरा यायला लागलं.

आणि मग सत्यमच्या वडिलांचं झालं. म्हातारे देगलूरहून मुलाकडं राहायला आले होते. दिवसभर औषधदुकानाच्या ओट्यावर बसायचे. सुदर्शन एकदा जाता जाता म्हणाला, "सत्यम, नाना ओटा चढताना थांबून राहिले. छाती दाखवून घे एकदा." सत्यम म्हणाला, "गॅस हाय, भौ. माझंच औषध चालू हाय." त्याच आठवड्यात नाना गेले.

दुःखाच्या घरी सुदर्शन गेला तेव्हा त्याला वाटलं होतं, सत्यम गळ्यात पडून रडेल, भौ, तुमचं ऐकायला पायजे होतं, असं म्हणेल. सत्यम जागेवरून उठलाही नाही. तिथूनच म्हणाला, "तुमी तोंड उघडलं नसतं तर काय बिघडलं असतं?" आजूबाजूची माणसं जमिनीकडं बघत होती. कोणीही सत्यमला आवरलं नाही, आणि सुदर्शनला सगळ्यात जास्त तेच लागलं.

त्यानंतर हॉटेलात तो आला की टीव्हीचा आवाज वाढायचा. लीगच्या ग्रुपवर त्यानं एखाद्या खेळाडूबद्दल दोन ओळी टाकल्या तर लगेच कोणीतरी लिहायचं, भौ, पुसून टाका. रामकिशनची सून बाळाला घेऊन गल्ल्यापाशी उभी असायची, ती त्याला बघून बाळाच्या तोंडावर पदर ओढायला लागली. ज्याच्या हातची केळी खाऊन अर्ध्या नांदेडची लेकरं वाढली, त्याच्यापासून लेकरू झाकायचं! मला तर ऐकतानाही संताप येतो. पण सुदर्शनला संताप आला नाही. तो नालीकडच्या बाकावर सरकून बसला.

एके दिवशी दुपारी नायगावकडचा एक माणूस खोल्यांवर आला. ओळख ना पाळख. पेढ्यांचा पुडा पुढं केला, पाणी प्याला, मग हळूच म्हणाला, "तुमचं नाव ऐकून आलो. माझ्या भावाचं आन् माझं शेतावरून चालू हाय. तुमी फक्त एकदा येऊन त्याला बघायचं. बघून काय सुचंल ते बोलायचं. बाकी काई न्हाई."

सुदर्शननं पुडा त्याच्या अंगावर फेकला आणि त्याला रस्त्यापर्यंत हाकलून आला. परत येऊन खोलीचं दार उघडायला गेला तर त्याला कडी निघेना. आत केळी पिकत होती, नेहमीचा गोड वास दाराच्या फटीतून येत होता, आणि पहिल्यांदाच तो त्या वासापासून मागं सरला. इतकी माणसं म्हणतात, एवढ्या लांबून माणूस पेढे घेऊन येतो, म्हणजे आपल्यात काही असलंच तर? ते पोरगं, ते कोच, नाना. एकेक आठवून तो खोलीबाहेर बसून राहिला. त्या दिवशी कोणता माल कधी उघडायचा हे विचारायला गडी आला, तर तो म्हणाला, "मला विचारू नको."

अशात शिवांगीच्या संघाला लातूरला विभागीय स्पर्धेसाठी जायचं होतं. संघ वर्षभर हरत आला होता, पण शिवांगीचं नाव राज्याच्या निवडीसाठी चर्चेत होतं आणि निवडणारी माणसं लातूरला बसणार होती. आदल्या संध्याकाळी सुकन्यानं देवापुढं दिवा लावला आणि नवऱ्याला समोर बसवलं. ती वाईट बाई नव्हती. घाबरली होती, एवढंच.

"अहो, तुम्ही येऊच नका, असं म्हणणार होते. पण लेकरू नाराज होईल," ती म्हणाली. "या. पण तिच्याबद्दल, तिच्या मॅडमबद्दल, टीमबद्दल तोंडातून अक्षर काढायचं नाही. दिव्यावर हात ठेवा."

"सुकन्या, तुलाबी तसंच वाटून राहिलं?"

तिनं दिवा त्याच्यापुढं सरकवला. त्यानं दिव्यावर हात धरला.

सकाळी एसटीत बसताना तिनं त्याच्या हातावर लवंगा ठेवल्या. बोलावंसं वाटलं की एक तोंडात धरायची. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, बाहेर तुरी काढून मोकळी झालेली रानं धुक्यात पडली होती. दरवेळी वाटेत बाप-लेकीची टकळी चालायची, समोरचा संघ कसा, त्यांची डावी बाजू कच्ची का. या वेळी शिवांगी मैत्रिणींबरोबर पुढं बसली होती आणि सुदर्शन खिडकीशी लवंग चावत होता. ती मध्येच मागं वळून म्हणाली, "पप्पा, काय म्हणता? जिंकतो का आज?" सुकन्यानं त्याच्या गुडघ्यावर हात दाबला. तो नुसता हसला.

लातूरचं मैदान दगडासारखं टणक होतं. सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात सुदर्शनला ते दिसलं. शिवांगी उडी मारून उतरायची तेव्हा डावा पाय मागाहून टेकायची. पळून थांबली की हात आपोआप डाव्या गुडघ्यावर जायचा, आणि कोणी बघायच्या आत ती तो उचलायची. म्हणजे हे आजचं नव्हतं. पोरगी कितीतरी दिवस दुखणं लपवत होती, निवड हुकू नये म्हणून, आणि घरात बाप मान खाली घालून जेवत होता म्हणून ते त्याला दिसलं नव्हतं.

टीव्हीवर असं त्यानं कितीदा बघितलं होतं आणि त्याचा शेवट काय होतो हे त्याला पाठ होतं. तो अर्धा उठला. "शिव..." एवढं ओठांपर्यंत आलं. आणि त्याच क्षणी त्याला नाना दिसले, ओट्यावर हात टेकून दम खाणारे. आपण बोललो, आणि नाना गेले. आता पोरीच्या पायाबद्दल बोललो, आणि...? तो खाली बसला. लवंग दाताखाली फुटली. तोंड भाजल्यासारखं झालं तरी त्यानं ती थुंकली नाही.

मध्यंतर झालं. संघ एका गोलनं मागं होता. श्रद्धा मॅडम शिवांगीजवळ गेल्या, वाकून गुडघा बघितला, आणि बाहेर बसलेल्या एका मुलीला अंग मोकळं करायला सांगितलं. सुदर्शनला हायसं वाटलं. काढा, मॅडम, काढा तिला, तो मनातल्या मनात ओरडत होता. तेवढ्यात शिवांगीनं मान वर करून प्रेक्षकांत त्याला शोधलं.

तिनं आपला चेहरा वाचू नये, म्हणून सुदर्शननं घाईनं मोबाइल काढला. फँटसी लीग उघडली, आणि जणू संघ लावण्यात गुंग आहे असा बोटं फिरवत राहिला. कोणाला काढलं, कोणाला घेतलं, त्याला काही दिसत नव्हतं. त्यानं मान वर केली तेव्हा बाहेरची मुलगी पुन्हा बसली होती आणि शिवांगी मैदानात चालली होती. मॅडम रेषेवर उभ्या होत्या. त्यांचे हात जॅकेटच्या खिशात होते.

फार वेळ लागला नाही. ती चेंडू घेऊन वळली. अंग वळलं, पाय तिथंच राहिला. किंकाळी यायच्या आधी सुदर्शन उभा होता.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, की गुडघ्यातला आतला बंध तुटलाय. आधीपासून फाटत आला होता, थोडी विश्रांती मिळाली असती तर निभावलं असतं. आता ऑपरेशन. पुढचं पुढं. बाहेरच्या बाकावर सुकन्यानं नवऱ्याचा दंड पकडला आणि रडत विचारलं, "अहो, खरं सांगा. तुम्ही काही बोलला तर नव्हता ना?"

त्यानं मान हलवली. नाही.

आत शिवांगी पायाला पट्ट्या बांधून पडली होती. बापाला बघून तिनं हात पुढं केला, त्यानं तो दोन्ही हातांत घेतला.

"मॅडम मला बदलतच होत्या," ती म्हणाली. "मलाही भीती वाटत होती. पण मी तुमच्याकडं बघितलं, तर तुम्ही मोबाइलवर टीम लावत बसला होता. म्हटलं, पाय ठीकच असंल. नाहीतर पप्पा गप्प बसले असते का? म्हणून मॅडमना सांगितलं, खेळते मी. तुम्हाला दिसलं नाही असं कधी झालंय?"

मला दिसलं होतं, हे वाक्य सुदर्शनच्या तोंडात आलं आणि तिथंच राहिलं. ते लवंगेपेक्षा तिखट होतं.

"आता तरी बोला ना," ती म्हणाली. "डॉक्टर काही नीट सांगत नाहीत. तुम्ही सांगा. मी परत खेळीन का?"

दारात सुकन्या उभी होती. तिनं पदर तोंडावर दाबला होता आणि ती मानेनं नको, नको म्हणत होती. सुदर्शननं पट्ट्यांकडं बघितलं. इतकी वर्षं बघून बघून तयार झालेली ती नजर, तिला आत्ताही जे दिसायचं ते दिसलंच. त्याला पोरीच्या डोळ्यांत बघून खोटं सांगायचं होतं. हाव, खेळशील की, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याची मान खाली गेली.

शिवांगीनं ती खाली गेलेली मान बघितली. खाली बघितलं की संपलं, हे तिला बापानंच शिकवलं होतं. मग तिनं त्याच्या हातातला हात हळूच सोडवून घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं.