जांबाशचा मान

तेरेक-साय गावात मेंढी कापावी ती तोलोगोननेच. सांध्यावर त्याने सुरी टेकवली की हाड आपणहून मोकळं होई, आणि कुठलं हाड कुणापुढे जायचं हे तर तो झोपेतही सांगे. वयाने, मानाने सगळ्यात मोठा त्याला जांबाश, म्हणजे कमरेचं हाड. मग मांडी, मग नळी, असं उतरत उतरत सुनांपर्यंत. लग्न असो की मयताचं जेवण, त्याच्या वाढण्यावरून कुणी रुसून उठलं नव्हतं. गडी हसरा, खाण्याचा आणि खिलवण्याचा शौकीन. फक्त एका बाबतीत नाकावर माशी बसू देत नसे. ती बाब म्हणजे त्याचा खापरपणजोबा, शातमान सरदार.

सरदाराची गोष्ट तो दर पंगतीत सांगे. लढाईत जखमी झालेल्या सरदाराला त्याच्या गुलामाने, कुत्तुकने, पाठीवर घेऊन नारीन नदी पार केली. ऐन हिवाळा, पाण्यात बर्फाचे तुकडे वाहत होते. जीव वाचल्यावर सरदाराने कुत्तुकला मोकळं केलं, वर घोडा दिला. त्या काळात गुलामाला घोडा कोण देत होतं, असं विचारून तोलोगोन चहूकडे बघे, आणि लोकही माना डोलवत. आपल्या घरचा जांबाश मात्र कुत्तुकच्या वंशाला कधी वाढायचा नाही, हेही सरदारानेच सांगून ठेवलं होतं. ते तोलोगोन सांगत नसे, नुसतं पाळत असे.

आणि त्याच्या लेकीने, ऐझिरेकने, नेमका कुत्तुकच्याच घरातला मुलगा पसंत केला. नदीपलीकडचा एसेनकुल. पोरगा तोलोगोनलाही आवडला होता, घोड्यावर बसला की बघत राहावं असा. त्याने होकार दिला आणि मुलीच्या कानात डूल घालून सोयरीक पक्की करायला सोयऱ्यांनी कधी यायचं तेही ठरलं. घोडं अडलं ते हाडावर. सोयऱ्यांबरोबर एसेनकुलचे आजोबा जेनाली येणार होते, दोन्ही गावांत सगळ्यात वडील. जांबाश त्यांचाच. तोलोगोन म्हणाला, त्यांना मांडी वाढू. हाडावरून मोडलेल्या सोयरिकी सगळ्यांनी पाहिल्या होत्या.

त्याची बायको उमसुनाई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "पोटची पोरगी देताय, आणि मेंढीचं हाड देववत नाही?"

"मी कोण बदलणारा? त्या काळची रीतच तशी होती. सरदाराला आजच्या मापाने मोजू नये."

ऐझिरेक कणीक तिंबत होती. तिने हात थांबवून बापाकडे पाहिलं. "आके, कुत्तुक कुठल्या काळातला?"

"त्याच की."

"मग त्याला कुणी विचारलं होतं का, ही रीत बरी की वाईट? रीत सरदाराची असेल. काळ दोघांचा होता."

तोलोगोनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पोरींना जास्त बोलायला शिकवलं की असं होतं, असं पुटपुटत तो अंगणात गेला आणि सुरीला धार लावत बसला. धार केव्हाच लागली होती, तरी तो घासतच राहिला. पोरगी खोटं बोलली असं काही म्हणवत नव्हतं.

सोयरे आले ते गाणी म्हणतच. उमसुनाईने त्यांच्यावर मूठमूठ मिठाई आणि सुके जर्दाळू उधळले, पोरं वेचायला धावली, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे वाडगे फिरले. मग वाफाळती परात आली. तोलोगोन उभा राहिला आणि त्याने सरदाराची गोष्ट पुन्हा सांगितली. ऐझिरेकने डोळे मिटून घेतले. पण या वेळी तो घोड्यापाशी थांबला नाही, न वाढलेल्या जांबाशचंही बोलला.

"सरदार शूर होता," तो म्हणाला. "मला तो आवडतो, उद्याही आवडेल. पण इथे तो चुकला. आणि त्याला कळत नव्हतं असं मी यापुढे म्हणणार नाही. कुणाच्या पाठीवर बसून वाचलो, हे माणूस विसरत नाही."

त्याने जांबाश दोन्ही हातांनी जेनालींपुढे ठेवला.

म्हातारबाबांनी हाड उलटसुलट करून पाहिलं. "फार उशीर केलास रे," ते म्हणाले. "दात होते तेव्हा आणायचंस."

आधी उमसुनाई हसली, मग सगळी पंगत. जेनालींनी हाडावरचा चरबीदार तुकडा काढला आणि रिवाजाप्रमाणे आपल्या हाताने तोलोगोनच्या तोंडात कोंबला.

"हा तुझ्या सरदाराच्या वाटचा," ते म्हणाले. "घोडा मात्र खरंच चांगला होता. आमच्याकडेही तसंच सांगतात."

तोंड भरलेलं, त्यामुळे तोलोगोनला बोलता येईना, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात तुपट. एसेनकुलच्या आईने ऐझिरेकला जवळ ओढलं, तिचे केस मागे सारले आणि कानात डूल घातले.