काकाने सांगितलेली लक्षणं

आमचा काका शिंपी. झिजलेली कॉलर उसवून, उलटवून शिवली की शर्ट पुन्हा नवा होतो, यावर त्याची देवाइतकीच श्रद्धा. त्यामुळे ताईला जन्मभर गोळ्या लागतील हे डॉक्टरांचं म्हणणं त्याच्या गळी उतरेना. ताई म्हणजे त्याची एकुलती एक लेक, वय एकोणीस. तिला भिंतीपलीकडून बायका बोलताना ऐकू यायच्या. अंगात सैतान असला तर एका दुपारीत निघतो, आजार मात्र मुक्काम ठोकतो, असं काकाचं साधं गणित.

तो तिला चर्चमध्ये घेऊन निघाला. शिकलेला माणूस सोबत बरा दिसतो म्हणून मलाही ओढलं. बारावीला दोनदा बसलेला मी शिकलेला ठरलो, यावरून त्याची दशा ओळखावी.

म्हातारे फादर सैतानाचं एकेक लक्षण शांतपणे विचारत गेले. न शिकलेली भाषा बोलते का? काका म्हणाला, बोलते. अचाट ताकद येते का? काल शिलाई मशीन एका हाताने उचललं म्हणे, लोखंडी स्टँडसकट. ते सरकवायला आम्ही दोघं लागतो. मी छताकडे बघत बसलो. क्रूस पाहून बिथरते का? रोज, काका म्हणाला. क्रूस ताईच्या गळ्यातच होता.

फादरांनी तो पाहिला. मग म्हणाले, सैतान काढायचा तर आम्हीही आधी डॉक्टरांनाच विचारतो, त्यानंतर बिशपांची परवानगी. बहुतेक जण आजारीच निघतात. गोळ्या चालू आहेत ना?



"अकरा दिवस दिल्या नाहीत," ताई म्हणाली. "गोळीने सैतान लपतो, फादरना दिसला पाहिजे, असं पप्पा म्हणाले. मला झोप नाही हो, फादर. त्या बायका आता खोलीत आल्यात."

"निघाला असता तर कॉलेजला गेली असती पोरगी," काका पुटपुटला. "एकदा बघा तरी."

"प्रार्थना आजाऱ्यासाठीही असते, ती मी करेनच," फादर म्हणाले. "पण आत्ता दवाखाना." फोन त्यांनीच लावला.

फादरही आमच्यासोबत दवाखान्यात आले; तिथे ताईला आत नेलं. गोळ्या कोणी बंद केल्या, नर्सने विचारलं. काकाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग फादरांकडे.

"मी," तो म्हणाला.

तिने ते लिहून घेतलं आणि दार लोटलं. आतून ताई हाका मारत होती. त्या बापाला होत्या की त्या बायकांना, ते बाहेरून कळत नव्हतं. काका दाराला कान लावून उभा राहिला.