एका बेडीत दोघं

आयुष्यात मी पुष्कळ लोकांवर जळलो. ज्याच्या मिशा पीळ न देताच वर वळायच्या त्या सहकाऱ्यावर जळलो, ज्याला माझ्याआधी फीत मिळाली त्याच्यावरही जळलो. पण एका कर्णाचोरावर जेवढा जळलो तेवढा कुणावर नाही. ती जळजळ मी अजून नीट जपून ठेवली आहे.

महाराष्ट्र तेव्हा नवा होता आणि माझा संसारही. मी देऊळगाव राजाच्या ठाण्यात शिपाई होतो. लोकांना वाटतं, पोलीस म्हणजे चोरामागे धावणारा माणूस. मी सबंध नोकरीत फार थोडा धावलो. बाकी सगळा वेळ उभा राहिलो. पोळ्याला बैलांच्या कडेला उभा, बालाजीच्या यात्रेत दोर धरून उभा, दिवाळीत सराफाच्या दुकानासमोर उभा, आणि घरी पोलीस लायनीतल्या एका खोलीत नवी नवरी एकटी. आमच्या दारातून यात्रेतला पाळणा दिसायचा. त्या पाळण्याच्या बुडाशी तिचा नवरा आठ दिवस उभा होता आणि तिला मात्र त्यात एक फेरी मिळाली नाही.

"तुमचं लगन बंदोबस्ताशी लागलं," ती म्हणाली होती. "मी तं नुसती करवली."

दिवाळीला ती माहेरी चिखलीला गेली, ती तुळशीचं लग्न लागून गेलं तरी परतली नाही. सासऱ्यांचा निरोप आला : पोरगी म्हणते, सोता न्यायले आले तर येईन, नाही तर इथंच बरी.

मी रजा मागायला गेलो. फौजदारसाहेबांनी वर न बघताच विचारलं, "बायको पळाली?"

"नाही साहेब. माहेरी आहे."

"मग रजा कशाला? पळाली असती तर तपासावर पाठवलं असतं."

अशा बाक्या प्रसंगी माझ्या मदतीला एक आरोपी धावून आला. त्याला बुलढाण्याच्या तुरुंगात पोचवायचं होतं. वाट चिखलीवरून, आणि चिखलीच्या स्टँडवर गाडी चांगली चहापाण्यापुरती थांबते. मी ती ड्युटी मागून घेतली. एसटीच्या ड्रायव्हरबरोबर सासुरवाडीला सांगावा धाडला, 'उद्या सकाळच्या गाडीनं येतो, स्टँडवर या.' सोबत चोर असेल हे सांगितलं नाही. रुबाब कमी होतो.

मग पट्ट्याचं बक्कल घासलं आणि भाषण पाठ केलं. शाळेच्या नाटकात मला झाडाचं काम मिळालं होतं. तेव्हापासून एक मोठं भाषण माझ्या घशात अडकून होतं. ते आता बायकोसमोर करायचं ठरवलं.

आता आरोपी. तो दंडारीतला, म्हणजे आमच्याकडच्या गावनाटकातला सोंगाड्या होता, लुगडं नेसून बायांची कामं करणारा. एका लग्नाच्या मांडवातून त्यानं लाउडस्पीकरचा कर्णा उचलला, आणि शेजारच्याच गावात त्याच कर्ण्यातून गायला उभा राहिला. कर्ण्याचा मालक समोर पहिल्या रांगेत! पण मला झोंबलं ते पुढचं. मालकानं आधी सगळा खेळ पाहिला, हसून हसून डोळे पुसले आणि मग ठाण्यात फिर्याद दिली. वर मलाच म्हणतो, "मानूस चोर हाये, पन काय सोंग करते हो!"

सकाळी गाडीत बसलो. बेडीचं एक कडं त्याच्या उजव्या मनगटात, दुसरं माझ्या डाव्या. बरोबर एक म्हातारे हवालदार होते. बेडीची किल्ली त्यांच्या आतल्या खिशात, आणि गाडी हलली की त्यांना झोप. नियमानं आरोपी खिडकीशी आणि शिपाई बाहेरच्या बाजूला. म्हणजे वारा त्याला, आणि उभ्या माणसांच्या पिशव्या माझ्या डोक्याला. मधल्या थांब्यावर त्याला लघवीला लागली तर मी संगं, आणि मला लागली तर तो संगं. माझ्या वेळी तो मोठ्या अदबीनं तोंड फिरवून उभा राहिला, तेही पाहणाऱ्यांना आवडलं.

गाडीत बसल्या बसल्या त्यानं कंडक्टरची नक्कल केली. कंडक्टर सगळ्यात जास्त हसला. पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं टोपलीतलं चांगलं डोळे पडलेलं सीताफळ काढून त्याच्या हातात दिलं. "खाय बापा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काऊन बांधलं बे याले?" सीताफळ मलाही आवडतं. मी हे तेव्हा कुणाला बोललो नाही.

चिखली आली. स्टँडवर सासूबाई डबा घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे, हिरव्या लुगड्यात, तोंड फुगवून माझी बायको. मी ऐटीत उतरलो. मागोमाग तो उतरला, कारण त्याला दुसरा इलाज नव्हता. सासूबाईंनी बेडी पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"अवो माय! जवाईबापू, काय केलं बापा तुमी?"

मी तोंड उघडेपर्यंत तो बोलून गेला, "मावशी, त्यायनं काही नाही केलं. मीच सोडून नाही राह्यलो त्यायले."

पदराआड बायको हसली. लग्न झाल्यापासून मी तिला हसवायला काय काय केलं होतं! आणि या गृहस्थानं उतरल्याबरोबर पहिल्याच वाक्यात काम केलं.

मी खिडकीतून हवालदारांना हाक मारली. "साहेब, पाच मिनिटं किल्ली..."

डोळे न उघडता उत्तर आलं, "बुलडाण्याले."

झालं. भाषण बेडीसकट करणं आलं. मी घसा साफ केला. "हे बघ, पोलिसाचा संसार म्हणजे..." इथे डावा हात आभाळाकडे न्यायचा असं मी ठरवलेलं होतं. तो मी नेला. त्याबरोबर त्याचा उजवा हातही वर गेला. दोघं मिळून आम्ही वरच्या कुणाला तरी बोलावत होतो असं ते दृश्य. आसपासचे हमाल बघायला जमले.

"साहेब," तो कानाशी पुटपुटला, "रडायच्या कामात हात नाही हालवत. आवाज खाली घ्या."

भाषण तिथंच मेलं. सासूबाईंनी बाकावर डबा सोडला. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा आणि दिवाळीच्या राखून ठेवलेल्या करंज्या. जावयासाठी राखलेल्या, लक्षात घ्या. त्यातली पहिली त्यांनी त्याच्या हातावर ठेवली. "बिचारा जेलात चालला. तिथं कोन देईन याले?"

तो उजव्या हातानं खाऊ लागला. त्याचा हात तोंडाकडे गेला की माझा डावा हातही जायचा. घास उचलला, गेला माझा हात त्याच्या ओठांशी. दुसरा घास, परत गेला. मला ते कळायच्या आत बायकोला दिसलं. तिचं हसू गेलं.

"भरवून राह्यले त्याले," ती म्हणाली.

"अगं, मी कुठं भरवतो? ही बेडी..."

"मले भरवला कधी एक घास?" आता तिचा आवाज चढला. "सकाळपासून याच्याजवळ बसून राह्यले. गाडीत फिरवून राह्यले. खिडकीशी बसवलं असन! अन् मले पाळन्यात बसवाले तुमाले सवड नोती."

"ड्युटी होती गं."

"मंग याच्या संगं काय यात्रेले चालले का?"

मी तिच्याकडे पाहत राहिलो. ती जळत होती! मी ज्याच्यावर सकाळपासून जळत होतो त्याच माणसावर माझी बायको जळत होती, आणि तेही माझ्यासाठी. अख्ख्या चिखलीत त्या घटकेला माझ्याएवढा सुखी माणूस नसेल. बेडी नसती तर मी नाचलोही असतो, पण मग त्यालाही नाचावं लागलं असतं, आणि त्यात तो माझ्यापेक्षा चांगला.

त्यानं घास हातातच थांबवला. "वयनी, रस्ताभर साहेब तुमचंच सांगून राह्यले होते."

साफ खोटं! रस्ताभर मी त्याच्याशी एक अक्षर बोललो नव्हतो. पण हे वाक्य किती सरळ होतं! माझ्या दीड पानी भाषणात ते कुठंच नव्हतं. त्यानं ते माझ्यासाठी टाकलं, आणि म्हणूनच मी त्याला आजवर माफ केलेलं नाही.

बायको डबा आवरू लागली. घंटी झाली, आम्ही आपापल्या जागी बसलो आणि गाडी सुरू होणार तेवढ्यात ती खिडकीखाली आली. खिडकीत तो होता, त्याच्या खांद्यावरून तिनं मला विचारलं, "येतांना हात मोकळा राहीन ना?"

"हाव," मी म्हणालो.

"मंग दुपारच्या गाडीले उभी राहीन."

बुलढाण्याला त्याला आत दिला, पावती घेतली. जाताना त्यानं मला रामराम केला आणि फाटकावरच्या शिपायाचीही नक्कल करून घेतली. आतूनसुद्धा हसण्याचा आवाज आला.

दुपारी चिखलीच्या स्टँडवर ती ट्रंकेवर बसलेली होती. हवालदार न सांगता उठून मागच्या बाकावर गेले. सबंध दिवसात त्यांनी केलेलं तेवढंच एक काम. तिनं खिडकी घेतली. पिशव्या पुन्हा माझ्या डोक्याला. माझं डावं मनगट तिनं उलटंपालटं करून पाहिलं, त्यावर लाल वळ होता.

"दुखते का?"

"नाही," मी शक्य तेवढ्या दुखऱ्या आवाजात म्हणालो.

मग तिनं पदराच्या गाठीतून एक करंजी काढून माझ्या हातात ठेवली. मी तोंडाकडे न्यायला लागलो तशी तिनं माझा हात धरला.

"भरवा."

"इथं? अगं, मी वर्दीत आहे."

"सकाळीबी वर्दीतच होते."

गाडी भरलेली. बाजार करून निघालेल्या बाया, दोन मास्तर, आणि सकाळचाच तो कंडक्टर. सगळे बघत होते. शाळेतल्या झाडाला एवढे प्रेक्षक कधी मिळाले नव्हते. मी टोपी सरळ केली, करंजी मोडली आणि तिला घास भरवला. कंडक्टर घंटीची दोरी धरून तसाच उभा राहिला, गाडी थांबलेलीच.

तिनं सावकाश चावलं. डोळे मिटून, अगदी चवीनं. मी कौतुक ऐकायला कान पुढे केला.

"लय खुसखुशीत झाली," ती म्हणाली. "त्याच्यासाठी ठेवली होती. द्यायची राहूनच गेली."