क्वार्टरबॅक निवडणारे काका

बहारीनमध्ये गाडीच्या मॅटखाली वाळू साचते, तसे आमच्या मराठी मंडळातल्या काकालोकांचे किस्से साचतात. कितीही झटका, खाली उरतातच! हे फक्त यंदाच्या फ्लॅग फुटबॉलचे.

हा अमेरिकन फुटबॉलचा सौम्य अवतार. क्वार्टरबॅक बॉल फेकतो, बाकीचे पळत जाऊन पकडतात. कुणी कमरेची पट्टी ओढली की खलास, डाव तिथेच थांबतो. आमच्याकडे क्वार्टरबॅक दोन, दोघंही कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला: रोहन आणि ताहिरा. स्पर्धेसाठी हवा एकच. ताहिराचे अब्बा रिटायर होताहेत, उन्हाळ्यात सगळं घर रत्नागिरीला परत जाणार. म्हणजे तिची ही शेवटचीच स्पर्धा.

निवड कोण करणार? सुधाकरकाका आणि मुकादमचाचा. पात्रता? झल्लाकचं ग्राउंड त्यांच्या ओळखीनं मिळतं!

*

पहिला शुक्रवार. सरावासाठी दोन टीम पाडल्या, मी ताहिराच्या टीममध्ये. रोहननं बॉल भलत्याच उंच फेकला. त्याच्या टीममधल्या सहा फुटी इम्राननं उडी मारून एका हातानं तो काढला.

"काय नेम आहे पोराचा!" सुधाकरकाका.

मग ताहिरानं बॉल थेट माझ्या छातीवर दिला. मी सोडला.

"पोरीला जमत नाही."

"काका, सोडला मी!"

"तू कशाला तिच्यावर पांघरूण घालतेस?"

*

मी सीफ भागातल्या ऑफिसात दिवसभर डेटा बघते. म्हटलं, यांनाही पुरावा देऊ. मोबाइलवर दोघांचे व्हिडिओ लावले आणि पकडणारी बाजू अंगठ्यानं झाकली. "फक्त फेक बघा. कोण चांगलं?"

मुकादमचाचांनी चष्मा वर केला. "बेटा, अंगठा काढ. बॉल पकडला की नाय, ते कळल्याबिगर फेक चांगली कशी म्हणू?"

*

सुधाकरकाकांच्या ऑफिसातले रिपोर्ट दोन ज्युनियर लिहितात, हे पार मआमीरच्या कारखान्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. एका रिपोर्टचं साहेबानं कौतुक केलं. काकांनी मंडळात पेढे वाटले: "माझी टीम म्हणजे मीच!"

पुढच्याच महिन्यात रिपोर्ट चुकला.

"काय करणार? ज्युनियर असे मिळालेत!"

*

शेवटी मी क्वार्टरबॅकच बदलले. ताहिराला दिली इम्रानची टीम, रोहनला आमची. ताहिराच्या पाच फेकी, पाचही पकडल्या. रोहनच्या पाचांपैकी एक. तीही मी पडता पडता!

"आता?"

"अगं, टीम चांगली होती म्हणून तिला जमलं," काका म्हणाले.

"मग रोहनलाही टीममुळेच जमत होतं ना?"

"छे! ती टीम घडवली कोणी? रोहननं!"

रोहन स्वतः म्हणाला, "काका, मी फक्त फेकतो. इम्रान पळतो म्हणून वाचतो." काका गहिवरले. "बघ, किती नम्र आहे!"

*

यादी लागली. क्वार्टरबॅक रोहन. ताहिरा पकडणाऱ्यांत. ती बुटाची नाडी बांधत बसली. रोहन तिच्याशेजारी जाऊन बसला. दोघं बराच वेळ कुजबुजत होते.

स्पर्धेचा दिवस. पहिला डाव. बॉल रोहनकडे आला, त्यानं तो शेजारून धावणाऱ्या ताहिराच्या हातात दिला. नियमात बसतं. तिनं लांब फेकला, इम्राननं पळता पळता पकडून शेवटची रेषा ओलांडली. टचडाउन! दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्यातही तेच. आम्ही जिंकलो आणि रोहननं सबंध मॅचमध्ये एकही बॉल फेकला नाही.

सुधाकरकाका खुर्चीवर उभे राहून मुकादमचाचांना हलवत होते, "बघितलंत? क्वार्टरबॅक निवडायला नजर लागते, नजर!"