मोहाखालची आग

वडील गेल्या वर्षी एका सोमवारी गेले. त्यांना लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर झाला होता. मी राजुऱ्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो.

त्याआधी एका दुपारी गावच्या घरी त्यांनी मला विचारलं होतं, "मले हे काऊन झालं?" आई शेजारीच तांदूळ निवडत होती. मी सांगत गेलो. अँटिबॉडी सुधाराव्यात म्हणून त्या बनवणाऱ्या पेशी आपल्याच डीएनएवर मुद्दाम घाव घालतात. घाव घालणारं विकर, म्हणजे एन्झाइम, डीएनएच्या अक्षरांचा ठरावीक क्रम शोधतं. तसाच क्रम दुसऱ्या जनुकातही असतो. चुकून घाव तिथे बसला, तर पुढे कॅन्सर होऊ शकतो. त्यांना कळावं म्हणून मी म्हणालो, "मोहफुलं वेचायले आपण झाडाखालचा पाला जाळतो ना बाबा, अन् कधी आग जंगलात जाते. तसंच हे."

 ते म्हणाले, "जनमभर पाला म्याच जाळला. मंग मलेच भोगा लागन."

"नाई बाबा, हे नुसतं उदाहरण आहे."

"आता नोको शिकवू, मास्तर," ते हसून म्हणाले. "समजलं मले."

पुन्हा तो विषय काढायला मी धजलो नाही. उदाहरण छान सुचलं म्हणून बोलताना मी मनातून खूश होतो, याचीच आता जास्त लाज वाटते.

यंदाही मोह फुलला आहे. आई झाडाखालचा पाला हाताने गोळा करते, जाळत नाही.